रेनोची ती विमानं गेली कुठे?

तुम्ही २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नेव्हाडातल्या रेनोची विमानांची शेवटची शर्यत बघून आलात आणि तीन गोष्टी विचारल्यात. दुसऱ्या महायुद्धातली मोजकीच उरलेली लढाऊ विमानं, त्यांचे पंख कापायचे, इंजिनं फुटेस्तोवर पळवायची, ही शुद्ध नासधूस नाही का? रेनो बंद झाल्यावर त्या विमानांचं काय झालं? आणि तुमचा भाचा एएमईचा, म्हणजे विमान-देखभाल इंजिनिअरचा, कोर्स करतोय, त्याला या कामात शिरता येईल का? मी दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या पिस्टन विमानांवर काम करतो, इंजिनांवर जास्त, पत्र्यावर कमी. शर्यतीच्या आठवड्यात कुठल्या ना कुठल्या टीमबरोबर राबायला जायचो. तेव्हा मी काही तटस्थ पंच नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी नासधुशीबद्दल. कुठेतरी जपून ठेवलेली ऐतिहासिक विमानं होती आणि काही पैसेवाल्यांनी ती बाहेर काढून शर्यतीला जुंपली, असं काहीसं तुमच्या मनात दिसतंय. ती जपून कुणीच ठेवलेली नव्हती. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सरकारकडे हजारोंनी विमानं पडून होती. ॲरिझोनातलं किंगमन, आर्कान्सातलं वॉलनट रिज अशा ठिकाणी ती ओळीने आणून लावली. पुढचा कार्यक्रम ठरलेला: इंजिनं उतरवा, धड कापा, भट्टीत घालून ॲल्युमिनियमच्या विटा पाडा. पी-५१ मस्टँग सरकार ३,५०० डॉलरला विकत होतं, तरी गिऱ्हाइकं मोजकीच. हॉलिवूडचा स्टंट पायलट पॉल मँट्झ याने १९४६ मध्ये ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला ४७५ विमानांचा अख्खा ढीग ५५,००० डॉलरमध्ये उचलला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवली, बाकीची भंगारात घातली. लढाऊ विमानाची किंमत त्याच्या पत्र्याच्या वजनावर ठरायची असा तो काळ होता.

त्या काळात लढाऊ विमान विकत घेऊन उडतं ठेवायला माणसाला एकच ठोस कारण होतं, ते म्हणजे शर्यतीचं बक्षीस. मँट्झने पी-५१सी मस्टँगचे पंख आतून सील करून त्यांच्याच पेट्रोलच्या टाक्या केल्या आणि १९४६, ४७, ४८ अशी सलग तीन वर्षं लांब पल्ल्याची बेंडिक्स शर्यत मारली. त्यातलंच एक विमान पुढे चार्ल्स ब्लेअरने घेतलं आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला आणि नंतर उत्तर ध्रुवावरून उडवत नेलं. आज ते स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. शर्यतीसाठी कुणी घेतलं नसतं तर त्याची पातेली झाली असती.

ओहायोतल्या क्लीव्हलंडला उंच खांबांना वळसे घालत उडायची शर्यत व्हायची, थॉम्पसन करंडकासाठी. १९४६ मध्ये टेक्स जॉन्स्टनने पी-३९ हे लढाऊ विमान घेऊन ती जिंकली. कुक क्लिलंड या माजी नौदल वैमानिकाने १९४७ आणि १९४९ मध्ये एफ२जी कॉर्सेअर घेऊन जिंकली. हे एफ२जी म्हणजे २८ सिलिंडरचं अजस्र इंजिन बसवलेलं कॉर्सेअर. नौदलाने अशी दहाच बनवून घेतली आणि युद्ध संपताच नको म्हणून सांगितलं. १९४९ च्या शर्यतीत बिल ओडमचं ‘बिगीन’ नावाचं मस्टँग बेरिया गावातल्या एका घरावर कोसळलं. तो गेला, आणि घरातली आई आणि तिचं मूलही. ओडम लांब पल्ल्याचा विक्रमवीर होता, खांबांभोवती वळायचा त्याला सराव नव्हता, आणि त्या विमानाचा रेडिएटर पोटाखालून काढून पंखांच्या टोकांना नेलेला होता. क्लीव्हलंडच्या त्या मोठ्या विमानांच्या शर्यती तिथेच थांबल्या.

पुढची पंधराएक वर्षं ही विमानं अनाथ होती. काही पोरांनी दगड मारून फोडली, काही विमानतळांच्या कुंपणाशी कुजली. न्यूबरी गावचा वॉल्टर सोप्लाटा नावाचा एक बांधकाम-मजूर माणूस मिळेल ते विमान भंगारवाल्याच्या हातून सोडवून स्वतःच्या जागेत आणून टाकायचा. एफ२जी, शर्यत क्रमांक ७४, असंच त्याच्या आवारात कित्येक दशकं पडून होतं. बॉब ओडेगार्डने ते नेलं, नॉर्थ डाकोटात उभं केलं, पुन्हा उडवलं. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये एअर शोच्या सरावात ते कोसळलं आणि ओडेगार्डही गेला. त्यानेच आधी उभं केलेलं क्रमांक ५७ मात्र शाबूत आहे, तेही क्लीव्हलंडच्याच रंगात. या दोन भावंडांची कहाणी मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवतोय, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीच एका वाक्यात येत नाही.

रेनोची शर्यत १९६४ मध्ये बिल स्टेड या नेव्हाडातल्या रँचवाल्याने सुरू केली, आधी आपल्याच स्काय रँचच्या मातीच्या पट्टीवर. १९६६ पासून ती शहराच्या उत्तरेच्या बंद झालेल्या हवाई तळावर गेली. त्या तळाला त्याच्याच भावाचं नाव होतं. त्याच वर्षी बिल स्टेड फ्लोरिडात छोट्या शर्यती विमानाच्या अपघातात गेला. शर्यत मात्र २०२३ पर्यंत चालली.

सुरुवातीच्या काळात पंख कापताना कुणाचा हात थरथरायचा नाही, कारण कापलं जाणारं काही मौल्यवान आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. लाइल शेल्टनने १९६९ मध्ये इंडियानातल्या व्हॅल्परेझोला एफ८एफ बेअरकॅट या नौदलाच्या लढाऊ विमानाचा सांगाडा शोधून काढला. अपघात होऊन पडलेलं, इंजिन गायब, सुटे भाग चोरीला गेलेले. त्यावर त्याने ५५ लिटरचं राइट आर-३३५० इंजिन बसवलं. बेअरकॅटसाठी ते कधी बनलंच नव्हतं. प्रोपेलरची पाती ओरायन या चार इंजिनांच्या गस्ती विमानाच्या जातीची. हेच ते ‘रेअर बेअर’, तुम्ही ज्याचे फोटो पाठवलेत. १९८९ च्या ऑगस्टमध्ये शेल्टनने न्यू मेक्सिकोत तीन किलोमीटरच्या सरळ टप्प्यावर त्याच्यातून ताशी ५२८.३३ मैलांचा, म्हणजे साधारण ८५० किलोमीटरचा, पिस्टन इंजिनाचा विक्रम केला. आता मला सांगा, शेतात कुजणारा सांगाडा हा वारसा होता की हा?

सँडर्स कुटुंबाचं ‘ड्रेडनॉट’ हे मूळचं ब्रह्मदेशाच्या हवाई दलाचं दोन सीटचं सी फ्युरी, एक ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच जातीची दोन डझनांच्या आसपास विमानं १९७९ मध्ये इराकमधून फ्लोरिडात आणली गेली आणि त्यातली कित्येक पुढे शर्यतीत उतरली. रेनो नसतं तर बगदादच्या वाळवंटातून पेट्या भरून आणण्याचा उपद्व्याप इतक्या उत्साहाने कुणी केला असता असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आज फॅक्टरीतून आल्यासारखी चकचकीत, मूळ रूपातली मस्टँग उभी करणारी जी वर्कशॉपं आहेत, त्यांचं शिक्षण शर्यतीत झालंय. स्टीव्ह हिंटन १९७८ मध्ये रेनो जिंकला, १९७९ मध्ये ‘रेड बॅरन’मधून ४९९ मैलांचा विक्रम केला, आणि महिन्याभरात त्याच विमानात इंजिन निकामी होऊन रेनोला आपटला. हाडं मोडली, वाचला. चीनो विमानतळावरचं त्याचं वर्कशॉप पुढे अशा पुनर्बांधणीसाठी जगभर ओळखलं गेलं. मस्टँगचं मर्लिन इंजिन कुठे चिरतं, कुठली बेअरिंग आधी बोलतात, कुठला गिअर बदलायचाच, हे सगळं ज्ञान इंजिनं मर्यादेपलीकडे ताणल्यामुळे आलं. आज म्युझियमचं मस्टँग सुट्टीच्या दिवशी सुखाने दोन चकरा मारतं त्यात या फुटलेल्या इंजिनांचा वाटा आहे.

ताणणं म्हणजे किती, ते जरा आकड्यांत सांगतो, कारण ‘फुटेस्तोवर पळवणं’ हे तुमचं वर्णन अगदीच चूक नाही. मस्टँगचं मर्लिन १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं. युद्धकाळच्या पुस्तकाप्रमाणे टेकऑफला ३,००० आरपीएम, मॅनिफोल्डमध्ये ६१ इंच दाब, ताकद साधारण १,४९० हॉर्सपॉवर. हा दाब पाऱ्याच्या इंचात मोजतात. समुद्रसपाटीला नुसत्या हवेचा दाब तीसेक इंच असतो. रेनोच्या आघाडीच्या विमानांत हेच इंजिन ३,४०० आरपीएमच्या आसपास आणि १३०-१४० इंचांवर चालवायचे, ताकद तीन हजारांच्या पुढे. एवढ्या दाबाला पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आपोआप भडकतं, आणि एक-दोन सेकंदांत पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. ते रोखायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण सतत आत सोडतात. त्याचा प्रवाह थांबला आणि वैमानिकाने त्या क्षणी थ्रॉटल मागे ओढला नाही, तर इंजिन गेलं म्हणून समजा.

त्यापलीकडची कारागिरी वेगळीच. मर्लिनचे स्वतःचे कनेक्टिंग रॉड एवढा मार सोसत नाहीत, म्हणून ॲलिसन इंजिनाचे जाड रॉड बसवतात. हेड आणि सिलिंडर बँक युद्धातल्या इंजिनाचे न घेता युद्धानंतरच्या प्रवासी विमानांच्या मर्लिनचे घेतात, ते अधिक टिकाऊ असतात. रेडिएटरचं दार जवळपास बंद ठेवतात म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो, आणि गरम होणाऱ्या रेडिएटरवर पाण्याचे फवारे मारतात. तुम्हाला मस्टँगच्या मागे पांढरी रेघ दिसली ना, ती या पाण्याची वाफ.

शर्यत संपून विमान पिटमध्ये आलं की प्रेक्षकांचं लक्ष वैमानिकाकडे असतं. आमचं तेलाच्या जाळीकडे. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं आवरण, उघडायचं, हात भाजणार नाही अशा बेताने जाळीचं झाकण सोडवायचं, आणि जाळी एका पांढऱ्या फडक्यावर उलटी करायची. तेल फडक्यात जिरतं आणि कण वर राहतात. चुंबक फिरवायचा. चिकटला तो पोलादाचा: गिअर किंवा रिंग. न चिकटणारा चंदेरी कण ॲल्युमिनियमचा, म्हणजे पिस्टनकडे संशय. तांबूस झाक असली तर बेअरिंग. पाठोपाठ स्पार्क प्लग, चोवीसच्या चोवीस, सिलिंडरच्या क्रमाने ट्रेमध्ये. एखाद्या प्लगच्या चिनी मातीवर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर त्या सिलिंडरचं पिस्टन वितळायला लागलंय. मग रात्रभराचं काम, किंवा सरळ माघार. दोन्ही निर्णय मी बघितलेत, आणि माघार घेणाऱ्या टीमबद्दल मला नेहमीच जास्त आदर वाटलाय.

इंजिन हवेत गेलं तरी बहुतेक वेळा विमान जात नाही. वैमानिक ‘मेडे’ म्हणतो आणि काठी ओढतो. ताशी साडेचारशे मैलांचा वेग उंचीत बदलला की काही हजार फूट हातात येतात, त्यात धावपट्टी निवडून इंजिनाशिवाय उतरायला वेळ मिळतो. या एका युक्तीने रेनोत किती विमानं आणि माणसं वाचली त्याची गणती नाही. १९९४ मध्ये फिनिक्सला ‘सुपर कॉर्सेअर’ला हवेत आग लागली तेव्हा केव्हिन एल्ड्रिजला उडी मारावी लागली. तो वाचला, विमान गेलं. पण इंजिनाचा बिघाड हा निदान वेळ देणारा बिघाड असतो.

वेळ न देणारा बिघाड कसा असतो ते २०११ मध्ये दिसलं, आणि यावर जरा थांबायलाच हवं.

‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग १९४६ पासून क्लीव्हलंडला याच नावाने पळत होतं. मग मालक बदलले, नावं बदलली. ‘मिस कँडेस’ झालं, ‘जीनी’ झालं, ‘जीनी’ असताना १९८० आणि १९८१ मध्ये रेनोचं विजेतं ठरलं. म्हणजे ज्या विमानात क्लीव्हलंड आणि रेनो हे दोन्ही काळ होते अशा अगदी थोड्या विमानांपैकी एक. जिमी लीवर्डने त्याचे पंख ३७ फुटांवरून २९ फुटांच्या आसपास आणले, पोटाखालचा रेडिएटर काढून पाणी उकळून गारवा करणारी यंत्रणा आत घातली, आणि जुनं नाव परत दिलं.

१६ सप्टेंबर २०११ ला शर्यतीत ते एकाएकी वर उसळलं, उलटलं आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांसमोर आदळलं. लीवर्ड धरून ११ जण गेले, साठाहून जास्त जखमी झाले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, वर्षभराने कारण सांगितलं. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे एलेव्हेटर असतो आणि एलेव्हेटरच्या मागच्या कडेला हाताएवढी एक पट्टी, ट्रिम टॅब. शर्यतीच्या वेगाला मस्टँगचं नाक वर जाऊ बघतं, त्याला खाली दाबून ठेवायचं काम ही पट्टी करते. ती बसवलेल्या स्क्रूंचे सेल्फ-लॉकिंग नट जुने झाले होते. आतलं घट्ट पकडणारं अस्तर झिजलेलं, एकदाच वापरायचे नट पुन्हा वापरलेले, काही तर दोन दशकांहून जास्त काळ तिथेच. सांधे ढिले झाले, पट्टी फडफडायला लागली, दांडी तुटली. दोनपैकी एकच टॅब हलता ठेवलेला होता, त्यामुळे सगळा भार त्याच्यावर. नाक वर उसळलं आणि वैमानिकाला १७ जीचा, म्हणजे अंगावर वजनाच्या १७ पट भार येईल असा, झटका बसला. एवढ्या झटक्याला माणूस सेकंदभरही शुद्धीवर राहत नाही.

आणि हे आधी घडून गेलं होतं! १९९८ मध्ये ‘व्हूडू’ या मस्टँगची ट्रिम टॅब अशीच हवेत तुटली. बॉब हॅना, मोटोक्रॉसचा विजेता, आत होता. त्याची शुद्ध हरपली, जाग आली तेव्हा विमान स्वतःहून हजारो फूट वर गेलेलं. त्याने ते उतरवलं. त्या वेळी सगळ्यांनी त्याच्या नशिबाचं कौतुक केलं. बाकीच्या हँगरांमधले ट्रिम टॅबचे नट मात्र त्या रात्री सगळ्यांनीच उघडून बघितले नाहीत.

म्हणून ‘जुनं विमान होतं, तुटलं’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. सत्तर वर्षांच्या पत्र्याने दगा दिला नव्हता. बदल केले, त्यांचा हिशोब कागदावर नाही, त्या वेगाला त्या बदलांची पुरेशी चाचणी नाही, आणि किरकोळ किमतीचे नट बदललेले नाहीत. हे सगळं माणसांनी केलेलं किंवा न केलेलं. त्यानंतर नियम कडक झाले, विम्याचा खर्च वाढला, आणि अनलिमिटेड, म्हणजे या मोठ्या पिस्टन विमानांच्या वर्गातल्या रांगा विरळ होत गेल्या. जुने आश्रयदाते म्हातारे झाले किंवा वारले, शर्यतीच्या मर्लिनला लागणारे हेड आणि बँक मिळेनासे झाले, आणि विमानतळाभोवती घरं आणि गोदामं उभी राहिली. २०२३ च्या मार्चमध्ये विमानतळ प्राधिकरणाने त्या वर्षीची शर्यत शेवटची असं जाहीर केलं. त्याच शर्यतीच्या अखेरच्या दिवशी टी-६ वर्गाची दोन विमानं उतरताना एकमेकांवर आदळून दोन्ही वैमानिक गेले. तुम्ही तिथे होतात, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. टी-६ म्हणजे आपल्या हवाई दलात ज्याच्यावर वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या ते हार्वर्ड.

आता मूळ मुद्दा. शर्यतीची विमानं संपतात कशी?

अपघातात संपलेली सगळ्यांना माहीत असतात. म्युझियममध्ये गेलेली सुखी आहेत: डॅरिल ग्रीनमायरचं ‘कॉन्क्वेस्ट वन’ बेअरकॅट वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी केंद्रात उभं आहे. जर्मनीच्या फ्रिट्झ वेंडेलने १९३९ मध्ये केलेला ४६९ मैलांचा विक्रम तीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता, तो याने १९६९ मध्ये ४८३ मैलांवर नेला. पंख कापलेले, कॅनोपी चिमुकली, आणि ती तशीच ठेवलीय. आणि काही हँगरमध्ये उभी आहेत, महिन्यातून कधीतरी प्रोपेलर हाताने फिरवला जातो.

पण सगळ्यात मोठी वाट चौथी आहे आणि तिची बातमी होत नाही. शर्यतीचं विमान पुन्हा ‘मूळ रूपात’ नेलं जातं. हिशोब सोपा आहे. मूळ रूपातलं उत्तम पी-५१डी आज काही दशलक्ष डॉलरला जातं. मागे माणूस बसवता येतो, एअर शोवाले पैसे देऊन बोलावतात, विमा मिळतो. कापलेल्या पंखांचं विमान घेणारं गिऱ्हाईक जगात बोटावर मोजण्याइतकं, त्यात शर्यतच कुठे होणार हे नक्की नाही. मग मालक वर्कशॉपला फोन करतो. नवे पंख, बुडबुड्यासारखी कॅनोपी, पोटाखाली मूळ मापाचा रेडिएटर, साध्या जुळणीचं मर्लिन, आणि वर एखाद्या युद्धनायकाच्या स्क्वॉड्रनचे रंग, जरी त्या विमानाने युद्ध बघितलेलंच नसलं तरी. शर्यतीचं विमान म्हणून उरते ती फक्त निर्मात्याची पाटी, त्यावरचा क्रमांक, आणि फाइलमधले फोटो.

असं काम मी हाताने केलंय. पंखावरचं फिलर काढायला बसलो की कळतं शर्यतवाल्यांनी काय मेहनत घेतली होती ते. रिव्हेटची डोकी, पत्र्यांचे जोड, सगळं भरून, घासून आरशासारखं केलेलं असतं. प्लास्टिकच्या पातीने ते उचकटत जायचं, पत्र्यावर ओरखडा येता कामा नये, आणि मधेच एका जुन्या रंगाखाली दुसऱ्या मालकाच्या काळातल्या शर्यत क्रमांकाची अर्धी वेलांटी दिसते. मी फोटो काढतो, माप लिहितो, आणि पुढे काढत राहतो, कारण ज्याचं विमान त्याची मर्जी.

माझं मत विचाराल तर ते असं आहे. जगात उडणारी मस्टँग आजही शंभराच्या वर आहेत. मोठी शर्यत जिंकलेली किंवा विक्रम केलेली, आणि अजून त्याच रूपात असलेली विमानं किती? फार थोडी. दुर्मीळपणाच बघायचा तर मूळ रूपातल्या आणखी एका मस्टँगपेक्षा ‘स्ट्रेगा’ हे शर्यतीचं मस्टँग किंवा ‘रेअर बेअर’ जास्त दुर्मीळ आहेत. ज्यांच्या नावावर इतिहास आहे त्यांना हात लावू नये. पाहिजे तर इंजिन साध्या जुळणीचं करा, ६१ इंचांवर उडवा, शर्यत नको, पण अंग तेच ठेवा. ‘व्हूडू’चंच बघा. १९९८ मध्ये मरता मरता वाचलेलं ते विमान घेऊन २०१७ मध्ये हिंटनच्या मुलाने आयडाहोत तीन किलोमीटरच्या टप्प्यावर ताशी ५३१.५३ मैल काढले. याचे पंख वाढवून त्याला १९४४ चं सोंग द्यायचं? मला तरी ते पटत नाही. उलट ज्याने दोन हंगाम शेवटून दुसरा नंबर लावला आणि एवढंच केलं की टोकं कापली, ते खुशाल मूळ रूपात जाऊ द्या. एकच अट घालतो मी गिऱ्हाइकांना: काढलेला प्रत्येक भाग खूण करून पेटीत ठेवायचा, विकायचा नाही. निम्मे ऐकतात.

शर्यत संपलेली नाही, जागा बदललीय. २०२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं रॉझवेल निवडलं गेलं, आणि तिथली पहिली शर्यत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झाली. रॉझवेलचा तो विमानतळ निवृत्त प्रवासी जेट विमानं आणून ठेवायचं आणि तोडायचं मोठं ठिकाण आहे. किंगमनपासून ऐंशी वर्षांनी गाडी पुन्हा भंगाराच्याच दारात आली म्हणायची. जागा मोकळी आहे, घरं लांब आहेत, ते चांगलं. अनलिमिटेडच्या रांगा पुन्हा भरतील का, ते इंजिनांच्या सुट्या भागांवर ठरेल, आणि माझा अंदाज नकाराकडे झुकतो. जेट आणि छोट्या वर्गांचं भवितव्य बरं दिसतं.

राहिला भाचा. त्याला सांगा, भारतात हे काम जवळपास हवाई दलापुरतंच आहे. दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा आहेत. अमेरिकेत काम करायचं तर डीजीसीएचा, म्हणजे भारतीय विमान नियामकाचा, परवाना थेट चालत नाही, एफएए या अमेरिकन नियामकाचं ए अँड पी (एअरफ्रेम आणि इंजिन) प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी एअरफ्रेम किंवा इंजिन यांपैकी एकाचा १८ महिन्यांचा, दोन्हींचा मिळून ३० महिन्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि मग लेखी, तोंडी आणि हातकामाची परीक्षा. आधी तिकडेच कुठल्याही फ्लाइंग क्लबात सेसनांवर हात काळे करू दे. मॅग्नेटोचं टायमिंग, कॉम्प्रेशन तपासणं, लॉकवायर नीट ओढणं हे मर्लिनलाही तेच असतं. रिव्हेटिंग आणि पत्र्याचं काम येणारी मुलं इथे कायम कमी पडतात, इंजिनात रस असलेली रगड. मस्टँगची मूळ कारखान्याची ड्रॉइंगं आता स्कॅन करून उपलब्ध आहेत. ती वाचता यायला शिकला तर मुलाखतीत वेगळा उठून दिसेल. वर्कशॉपं मात्र लहान असतात, दहा-पंधरा माणसांची, आणि व्हिसाचा खर्च सहसा उचलत नाहीत. त्यामुळे आधी एअरलाइन किंवा एमआरओमध्ये, म्हणजे विमान-दुरुस्तीच्या कंपनीत, पाय रोवून मग इकडे वळणं हाच जास्त चाललेला रस्ता आहे. इंग्लंडमध्ये डक्सफर्डच्या आसपासही अशी वर्कशॉपं आहेत, तिथेही अर्ज टाकायला हरकत नाही.